झरा, वसंत आणि पाटा तुटलेली जीप

"पाटा गेला," जीपखालून बाहेर सरकत ड्रायव्हर म्हणाला, आणि पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्याहून पोशेऱ्याकडे निघालेली आमची काळी-पिवळी एका वळणावर मुक्कामाला बसली. आत किती माणसं होती ते मोजण्यात अर्थ नव्हता. टपावरच्या दोन पोरांनी धप्पदिशी खाली उड्या टाकल्या, बायांनी पिशव्या सांभाळत सावली गाठली. मार्चचा शेवट. रस्त्याच्या वरच्या अंगाला कोशिंबाचं झाड नव्या पानांनी लालभडक झालेलं. त्याला अजून हिरवं व्हायचं सुचलं नव्हतं. खाली नाळीत दोन बाया एका खड्ड्यापाशी बसून करवंटीनं हंडा भरत होत्या.

जीपमधली एक पोरगी आश्रमशाळेतून सुट्टीला घरी निघाली होती. थांबणं लांबणार हे ओळखून तिनं दगडावर बसून वही काढली. घरचा अभ्यास असा: दिलेला इंग्रजी शब्द दोन वेगळ्या अर्थांनी वाक्यात वापरा. शब्द होता स्प्रिंग.

"सर, याचा अर्थ झरा की वसंत?" तिनं विचारलं.

"दोन्ही," मी म्हणालो. मग ड्रायव्हरच्या हातातल्या काळ्या, ग्रीस माखलेल्या पट्टीकडे बघून म्हणालो, "आणि हासुद्धा. पाट्याला इंग्रजीत लीफ स्प्रिंग म्हणतात." टपावरून उडी मारलेली पोरं ऐकत होती. मला जरा चेव आला. "आणि यांनी मारली ती उडीपण स्प्रिंगच."

पोरीनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला अजून आठवते. चार वेगळ्या वस्तूंना एकच नाव ठेवणारी माणसं शहाणी कशी असतील, असा तो सरळ प्रश्न होता. प्रश्न रास्तच होता. झऱ्याचा जीपच्या पाट्याशी काय संबंध? आणि दोन्हींचा त्या लाल झाडाशी?

संबंध आहे. तो कळला त्या दिवसापासून मी या शब्दावर फिदा आहे.

इंग्रजीत अनेक अर्थांचे शब्द पोत्यानं सापडतात. ऑक्सफर्डच्या थोरल्या शब्दकोशाच्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यांत लांबलचक नोंद 'सेट' या इवल्याशा शब्दाची होती. पण पुष्कळदा अशा शब्दांचे अर्थ एकमेकांना ओळखतही नाहीत, योगायोगानं एका घरात राहायला आलेले असतात. स्प्रिंगचं तसं नाही. त्याचे सगळे अर्थ एका क्रियापदाच्या पोटचे आहेत. जुन्या इंग्रजीत 'स्प्रिंगन' म्हणजे उसळणं, झेप घेणं, आत दाबून धरलेलं एकदम बाहेर येणं.

आता बघा. जमिनीच्या पोटातून पाणी उसळून बाहेर येतं तो झरा. फांदीतून पान उसळून बाहेर येतं तो ऋतू. दाबलेलं लोखंड उसळून मूळ आकारावर येतं ती कमान, म्हणजे जीपचा पाटा. आणि माणूस जमिनीवरून उसळतो ती उडी. चारही ठिकाणी आत कोंडलेला जोर बाहेर पडतोय. शब्दानं वस्तू पाहिलीच नाही, हालचाल तेवढी पाहिली.

ऋतूला हे नाव तसं उशिरा मिळालं. आधी इंग्रज वसंताला 'लेन्क्टेन' म्हणत. दिवस लांबू लागतो, म्हणून लांबीवरून पडलेलं नाव. ख्रिस्ती लोकांच्या ईस्टरआधीच्या उपवासाला 'लेंट' म्हणतात त्यात तो जुना शब्द अजून जपून ठेवलेला आहे. पुढे लोक 'पानांची स्प्रिंग' असं म्हणू लागले आणि समोरच्या ऋतूला 'पानांचा फॉल', म्हणजे पानगळ. सोळाव्या शतकात त्यातली पानं गळून पडली आणि नुसतं स्प्रिंग उरलं. अमेरिकेत शरदाला अजूनही 'फॉल' म्हणतात ते त्याच जोडीतलं दुसरं भावंड.

धातूची स्प्रिंग घड्याळं आणि कुलुपं करणाऱ्यांनी घरोघरी नेली. आपल्याकडे घड्याळाच्या स्प्रिंगला कमान म्हणत, धनुष्यावरून. वाकवलं की ताठ व्हायला बघणारी वस्तू म्हणजे धनुष्य, हे ज्यानं पहिल्यांदा ओळखलं त्याला दाद द्यायला हवी. सतराव्या शतकात रॉबर्ट बॉइलनं तर हवेलाच स्प्रिंग आहे असं म्हटलं. 1660 च्या त्याच्या पुस्तकाच्या नावातच 'हवेची स्प्रिंग' आहे. हवा दाबली की ती उलट दाबते, एवढंच त्याला सांगायचं होतं. त्याचा एकेकाळचा मदतनीस रॉबर्ट हूक यानं 1678 मध्ये स्प्रिंगचा नियम छापला: जेवढी ताणाल तेवढ्या जोरानं ती मागे ओढेल. सोळा माणसं आणि टपावर दोन पोरं घेऊन खड्ड्यातून जाणारी जीप हा नियम दिवसभर पाळत असते. पाळता पाळता एखादा दिवस पाटा म्हणतो, बास.

शब्दाच्या पोटात शिरलं की गमती संपत नाहीत. हॉटेलात मिळणारा स्प्रिंग रोल स्प्रिंगसारखा गुंडाळलेला असतो म्हणून त्याचं ते नाव, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. चूक. चीनमध्ये तो वसंतोत्सवात खातात आणि त्याच्या चिनी नावातच वसंत आहे. उलट समुद्राच्या 'स्प्रिंग टाइड'मध्ये वसंत शोधाल तर फसाल. ती अमावास्या-पौर्णिमेची भरती, बारा महिने दर पंधरवड्याला येणारी. तिथे पाणी उसळतं म्हणून स्प्रिंग. याच पालघर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सातपाटी-डहाणूच्या कोळीवाड्यांत तिला उधाण म्हणतात. पातीच्या कांद्याला इंग्रजीत 'स्प्रिंग अनियन', आणि पोटच्या पोराला 'ऑफस्प्रिंग': आपल्यातून उगवून निघालेलं.

आणि जरा आणखी मागे गेलं तर हा इंग्रजी शब्द आपल्या ओसरीवर येऊन बसतो. स्प्रिंगचं मूळ शोधताना भाषाशास्त्रज्ञ ज्या आदिम धातूपाशी पोचतात, त्यातूनच संस्कृतातला 'स्पृह्' आला असं ते मानतात. स्पृहा म्हणजे मनाची ओढ, इच्छेची उसळी. त्या हिशेबानं रामशास्त्री प्रभुण्यांना आपण निःस्पृह म्हणतो तेव्हा त्यांच्या मनाला स्प्रिंगच नव्हती असं म्हणत असतो.

हे सगळं काही मी त्या पोरीला सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "बाहेर येतं ना, उसळून, ते स्प्रिंग."

ती म्हणाली, "म्हणजे फुटतं ते."

अख्ख्या शब्दकोशाचं काम तिनं तीन शब्दांत उरकलं. मी नामं शोधत बसलो होतो. झरा, वसंत, कमान, उडी. मराठीनं हा सगळा मामला एका क्रियापदात घालून ठेवला आहे. झाडाला पालवी फुटते. दगडाला पाझर फुटतो. गाईला पान्हा फुटतो. बियाला कोंब फुटतो. पहाटे तांबडं फुटतं, आणि इंग्रजीत पूर्वी पहाटेला खरोखरच 'डेस्प्रिंग' असा शब्द होता! तान्ह्या बाळाला बोबडे बोल फुटतात, वयात येणाऱ्या पोराला मिसरूड फुटतं, भित्र्याला घाम फुटतो, रस्त्याला वाट फुटते. परीक्षेचा पेपर फुटतो तोही आत कोंडलेला बाहेर येतो म्हणूनच. इंग्रजीत बोटीला भोक पडून पाणी आत येऊ लागलं की तिनं गळती 'स्प्रिंग' केली म्हणतात. तिथेही आपण फुटलीच म्हणतो.

एक फरक मात्र आहे, आणि मला तो मोलाचा वाटतो. इंग्रजी स्प्रिंगमध्ये उसळीचा आनंद जास्त. आपल्या फुटण्यात मोडण्याचा आवाजही आहे. घागर फुटते, डोकं फुटतं, कपाळ फुटतं, घर फुटतं. पालवी फुटण्याआधी खोडाची साल तडकावी लागते, हे मराठी विसरत नाही. धातूच्या स्प्रिंगला आणि उडीला मात्र आपलं फुटणं पुरत नाही. तिथे उसळणं, उसळी, झेप हे शब्द मदतीला येतात. पर्याय म्हणून दिलेले शब्द मूळ शब्दावर कधीच तंतोतंत बसत नाहीत. थोडे कुठे सैल, थोडे कुठे तंग.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली आला. इंग्रजी-मराठी कोशाचं कामही त्यानं सुरू केलं आणि थॉमस कँडीनं ते पुरं करून 1847 मध्ये छापलं. अशा कोशकारांपुढे स्प्रिंगसारखा शब्द आला की किती रकाने करावेत हा पेच पडत असणार. कारण नुसत्या पाण्याच्या स्प्रिंगला आपल्याकडे शब्दांची रांग आहे, आणि एकही शब्द दुसऱ्याचा जुळा भाऊ नाही. वाहतो तो झरा. नुसता ओलावत राहतो तो पाझर. आतून वर येतो तो उमाळा, मग तो पाण्याचा असो की रडण्याचा. पावसाळ्यात जमीन पिऊन पिऊन तट्ट होते आणि अंगणात, चुलीपाशीसुद्धा पाणी वर येऊ लागतं, ते उपळ. आटलेल्या ओढ्याच्या वाळूत हातानं खड्डा उकरला की हळूहळू जमतं ते झिऱ्याचं पाणी. अशा खड्ड्याला कुणी डवरा म्हणतं. संस्कृत हवं असेल तर निर्झर आहे, स्रोत आहे, पण हंडा घेऊन निर्झरावर कुणी जात नाही.

'झरा' शब्दाचीही एक गोष्ट आहे. संस्कृतात 'क्षर्' म्हणजे वाहणं, गळणं, गळून संपणं. प्राकृतात त्याच धातूचं 'झरइ' होतं आणि तिथून आपलं झरणं येतं. आता त्या 'क्षर'ला नकार लावा. जे झरत नाही, गळून जात नाही, ते अक्षर. म्हणजे त्या वळणावर एक पोरगी वहीत अक्षर काढत बसली होती आणि खाली तिच्या गाववाल्या बाया झऱ्यावर बसल्या होत्या, हे दोन्ही शब्द एकाच धातूचे निघाले. एक वाहून जाणारा, एक न वाहणारा.

मी उतरून त्या झिऱ्यापाशी गेलो. खड्डा असेल हात-दीड हात खोल. तळाशी पाणी किती? पसाभर. करवंटीनं अलगद, गाळ न ढवळता, ते उचलायचं, पदराचा फडका लावलेल्या हंड्यात ओतायचं आणि थांबायचं. पुन्हा पसाभर जमेपर्यंत बोलत बसायचं. इंग्रजीत या पाण्याला स्प्रिंग म्हणतात असं सांगायचा धीर मला झाला नाही. उसळणं सोडाच, ते पाणी दगडाच्या भेगेतून घाम आल्यासारखं येत होतं.

असं का, त्याचं उत्तर पायाखालच्या कातळात आहे. जव्हार-मोखाड्याचे डोंगर म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक बसलेले थर. भाकऱ्यांची चवड डोळ्यांपुढे आणा. त्यातले काही थर घट्ट, पाण्याला दाद न देणारे. काही भेगाळलेले, फोडासारखी भोकं असलेले, कुजून मुरमाड झालेले. दोन लाव्हांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा भाजलेला पापुद्रा. पाऊस पडला की पाणी भेगाळ थरात मुरतं, खाली खाली जातं आणि घट्ट कातळावर किंवा त्या तांबड्या पापुद्र्यावर येऊन अडतं. खाली वाट नाही, मग ते आडवं चालू लागतं. चालता चालता जिथे डोंगराची कूस कापलेली असते तिथे ते उजेडात येतं. तो झरा. जुनी माणसं उंबर दिसला की तिथे पाणी असणार म्हणतात. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तर कोणत्या झाडाजवळ, कोणत्या वारुळापासून किती हातांवर पाणी लागेल याचं दकार्गल नावाचं एक अख्खं प्रकरण आहे.

अडचण अशी की हे मुरमाड थर पातळ आहेत आणि उतार तीव्र. या भागात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. लंडनला जेमतेम सहाशे पडतो. पण इथला पाऊस चार महिन्यांत येतो आणि बहुतेक पाणी कातळावरून धावत वैतरणेला, पिंजाळला मिळून समुद्राकडे जातं. मुरलेलं थोडं पाणी झरे दिवाळीपर्यंत मोकळ्या हातानं देतात, संक्रांतीला हात आखडतात आणि शिमग्यानंतर करवंटीवर येतात. मोखाडा तालुक्यातल्याच कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे, 102 मीटर उंच. त्याचं पाणी मुंबई पिते. आणि दर उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतात.

इंग्लंडात गणित उलटं. दक्षिण इंग्लंडच्या टेकड्या खडूच्या, म्हणजे भिजवलेल्या स्पंजासारख्या. थंडीतला रिमझिम पाऊस तो खडू पीत राहतो आणि थंडी सरता सरता, नेमका पालवीच्या दिवसांत, तिथले झरे भरात येतात. स्प्रिंगमध्ये स्प्रिंग वाहतो. त्या देशात एकाच शब्दाचे दोन अर्थ एकाच महिन्यात हातात हात घालून येतात, तेव्हा त्यांना वेगळे शब्द करायची निकड कशाला वाटेल? पोशेऱ्याकडे वसंत येतो, पळस पेटतो, कोशिंब लाल होतो, ती झाडं खोल मुळांनी कुठून तरी ओल ओढून घेतात, आणि त्याच दिवसांत झरा मरतो.

पण आपल्याही भाषेनं ऋतू आणि झरा एका नावात बांधला आहे, हे मला परतीच्या प्रवासात सुचलं आणि मी जीपमध्ये एकटाच हसलो. कोकणात गरम पाण्याच्या झऱ्याला 'उन्हाळे' म्हणतात. राजापूरजवळ उन्हाळे आहे, दापोलीकडे उन्हवरे, पालीजवळ उन्हेरे. उत्तरेला पालघरमधल्या कोकनेर-सातिवलीपासून राजापुरापर्यंत सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात हे ऊन पाण्याचे झरे पसरले आहेत. वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं त्यातलीच. पाणी ऊन म्हणून झरा उन्हाळे, दिवस उन्हाचे म्हणून ऋतू उन्हाळा. इंग्रजानं पालवीचा ऋतू आणि थंड पाण्याचा झरा एका शब्दात बांधला, आपण तापलेला ऋतू आणि तापलेला झरा. ज्याच्या देशात जे जाणवतं ते.

मी झिऱ्यापासून वर येईपर्यंत ड्रायव्हरनं तुटलेल्या पाट्याखाली लाकडाची खपाटी सरकवून वरून तार आवळली होती. "हळू नेतो," म्हणाला, "पण नेतो." पोरीनं वही मिटायच्या आधी मला दाखवली. दोन वेगळी वाक्यं करायची होती, तिनं एकातच काम भागवलं होतं: इन स्प्रिंग अवर स्प्रिंग ड्राइज. व्याकरणात चूक नव्हती. बाईंनी किती गुण दिले ते मला कळलं नाही.

तुमच्या गावात जमिनीतून आपसूक येणाऱ्या पाण्याला काय म्हणतात, आणि ते कोणत्या सणापर्यंत टिकतं, हे घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहून ठेवा. नळ आला की झऱ्याआधी त्याचं नाव आटतं. मोखाड्याच्या पाड्यांवर हे शब्द अजून रोजच्या तोंडी आहेत, कारण बाया अजून रोज त्या पाण्यावर जातात.